कमरेचा दाखला

मलेरियाचा हंगाम पावसाळ्यात येतो, उष्माघाताचा मे महिन्यात, आणि कंबरदुखीचा निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. हा तिसरा हंगाम वैद्यकाच्या पुस्तकांत नाही, कारण ती पुस्तकं लिहिणाऱ्यांपैकी कोणी नंदुरबार जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यात ओपीडीला बसलेलं नाही. मी बसतो. २०२४ साल तर फारच भरघोस गेलं. १३ मेला लोकसभेचं मतदान, २० नोव्हेंबरला विधानसभेचं. एका वर्षात दोनदा जिल्ह्याची कंबर धरली.

तसा आमचा जिल्हा निवडणुकीत मानाचा. लोकसभेचा राज्यातला क्रमांक एकचा मतदारसंघ नंदुरबार, विधानसभेचा क्रमांक एकचा अक्कलकुवा. सगळ्या महाराष्ट्राची यादी आमच्यापासून सुरू होते. पण यादीत पहिलं असणं वेगळं आणि तिथे यंत्र घेऊन जाणं वेगळं. नर्मदाकाठच्या मणिबेलीला मतदान यंत्रं आणि ती सांभाळणारी माणसं सरदार सरोवराच्या पाण्यातून बार्जने जातात. धडगावच्या डोंगरात काही केंद्रं अशी की जीप जिथे दम सोडते तिथून पुढे पायी. ड्यूटीच्या आदेशात केंद्राचं नाव नसतं, ते शेवटच्या क्षणी कळतं. मतदारसंघाचं नाव मात्र असतं, आणि 'अक्कलकुवा' एवढा पाच अक्षरी शब्द कमरेला पुरेसा होतो.

मग अर्ज येतात. 'मला मणक्याचा त्रास असून डॉक्टरांनी प्रवास व जड वस्तू उचलणे वर्ज्य केले आहे, तरी निवडणूक कर्तव्यातून मुक्त करावे.' जिल्हा प्रशासनही पूर्वानुभवाने शहाणं झालेलं असतं. ते म्हणतं, ठीक आहे, वैद्यकीय तपासणी करून घ्या. आता गंमत अशी की आपल्याला प्रवास झेपत नाही हे सिद्ध करायला त्या माणसाला धडगावहून एसटीत बसावं लागतं, चांदसैलीचा घाट उतरावा लागतो आणि तळोद्यात गाडी बदलावी लागते. इतकं करून तो माझ्यापुढे ताठ उभा राहिला, तर तो प्रवासाला समर्थ आहे हे मी न तपासताच लिहू शकतो. आणि वाकून उभा राहिला, तर तो घाटाचा परिणाम की मणक्याचा, हे कोणताही एमआरआय सांगू शकत नाही.

गुरुजींचं उदाहरण घेऊ. (आडनाव विचारू नका. गुरुजी अनेक आहेत, मी त्यांचा एकच केसपेपर केला आहे.) दोन्ही हात कमरेवर, काखेत एक्स-रेचं मोठं पाकीट, चेहऱ्यावर तीव्र वेदना आणि खिशात ड्यूटीचा आदेश. खुर्चीवर बसताना ते आधी खुर्चीची पाठ धरतात, मग टेबल धरतात, मग माझ्या कंपाउंडरला धरतात.

"सर, गॅप आहे."

"कुठे?"

"एल-चार, एल-पाच."

आमच्याकडे ज्याला आपला आधार क्रमांक पाठ नाही त्यालाही आपला मणका पाठ असतो. मी समजावतो की दोन मणक्यांमध्ये गॅप असायलाच हवा, तिथे गादी राहते, गॅप कमी झाला तर विचार करायचा. गुरुजी शांतपणे म्हणतात, "मग कमी झाला असेल." गॅप वाढो की घटो, त्यांना आक्षेप नाही. फक्त तो एल-चार, एल-पाच सोडून जाऊ नये.

एमआरआय आणला असता तरी मी हरलोच असतो. १९९४ साली अमेरिकेत कंबर अजिबात दुखत नसलेल्या ९८ माणसांचे एमआरआय काढले, तर निम्म्याहून जास्त लोकांत कुठे ना कुठे गादी फुगलेली निघाली. ही माणसं बिचारी आनंदात हिंडत होती. याचा अर्थ चाळिशी ओलांडलेल्या कोणत्याही कर्मचाऱ्याला यंत्रात घातलं तर ड्यूटी रद्द करण्याइतका पुरावा मिळण्याची चांगलीच शक्यता आहे. पुरावा देणाऱ्याचा असतो तसा तो नाकारणाऱ्याचाही असतो, कारण ड्यूटी लावणाऱ्या साहेबांचाही एमआरआय तितकाच वाईट निघेल.

म्हणून हाताने तपासायचं. गुरुजींना टेबलावर उताणं झोपवतो आणि एक पाय गुडघ्यात न वाकवता हळूहळू वर उचलतो. नस खरोखर दबलेली असेल तर पाय अर्ध्यावर येईतो मांडीमागून पोटरीत कळ जाते. गुरुजींची कळ पाय टेबलावरून चार बोटं सुटताच छताला लागते. ठीक. मग त्यांना उठवून स्टुलावर बसवतो, इकडच्या तिकडच्या गोष्टी काढतो, शालेय पोषण आहारात सध्या काय चाललंय वगैरे, आणि "जरा गुडघा पाहू" म्हणून तोच पाय समोर सरळ करतो. नव्वद अंशात. नसेला भूमिती कळते, तिच्या दृष्टीने झोपून उचललेला आणि बसून सरळ केलेला पाय जवळपास सारखाच. गुरुजींना या वेळी भूमितीचा विसर पडलेला असतो. ते खिचडीत तांदूळ कसा येतो ते सांगत राहतात.

ही युक्ती माझी नव्हे. गॉर्डन वॉडेल नावाच्या स्कॉटिश अस्थितज्ज्ञाने १९८० साली अशा पाच प्रकारच्या खुणा मांडल्या. डोक्यावर हलकेच दाबलं तर कंबर दुखते का, नुसती कातडी चिमटीत धरली तरी ओरडतो का, असं काय काय. जगभरच्या विमा कंपन्यांना आणि साहेबलोकांना वाटलं, झालं, लबाडी पकडायचं यंत्र सापडलं. वॉडेल पुढे सांगत राहिला की बाबांनो, हे लबाडीचं माप नाही. माणूस घाबरलेला असेल, त्रासलेला असेल, आपलं कोणी ऐकत नाही म्हणून जरा मोठ्याने दुखवून दाखवत असेल. हे कोणी ऐकलं नाही. गुरुजींचं मात्र मला पटतं. त्यांची कंबर थोडी दुखते, हे खरंच. मणिबेली फार दुखते, हेही खरंच. अर्जात दुसऱ्या दुखण्याला रकाना नसल्यामुळे ते सगळं पहिल्या रकान्यात भरतात.

नंदुरबारला मात्र निसर्गाने एक चाचणी फुकट दिली आहे, जी वॉडेलला ग्लासगोत मिळाली नसती. हिवाळ्यात गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पडतात. लांबच लांब लाल जमीन, वाळत घातलेली मिरची, आणि वारा फिरला की अख्ख्या गावाला ठसका. गादी सरकून नस दबलेल्या माणसाला शिंक ही शिक्षा असते. शिंक येणार असं वाटताच तो भिंत धरतो, डोळे मिटतो, श्वास रोखतो. शिंक गेली की डोळ्यांत पाणी, आणि ते मिरचीचं नसतं. उलट ज्याचा आजार आदेशाबरोबर आला आहे, तो खणखणीत शिंकतो, नाक पुसतो आणि मग आठवण झाली की कमरेला हात लावतो. क्रम चुकतो. विधानसभेचं मतदान नोव्हेंबरात ठेवणाऱ्यांच्या हे लक्षात आलं होतं असं मी म्हणत नाही.

तरी हसण्यावर जाऊ नये. कंबरदुखीचा माणूस चोवीस तास दुखत नसतो. एका रजेवरच्या कर्मचाऱ्याला सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यावर बसलेलं पाहिल्याची तक्रार माझ्यापर्यंत आली. दत्तजयंतीची यात्रा, देशभरातून आलेले घोडे, खानदेशी माणूस घोड्यावर हात न फिरवता परत कसा जाईल? त्याला विचारलं. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही जड उचलू नका म्हणाला होतात. मी काहीच उचललं नाही. घोड्याने मला उचललं." वैद्यकीयदृष्ट्या या उत्तरात मला चूक काढता आली नाही.

शिवाय रजा ही सरकारी कर्मचाऱ्यांची जमाखर्चाची बाब असते. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम १९८१चे. त्यांत वर्षाला २० दिवस अर्धवेतनी रजा खात्यावर पडते. ती दाखला देऊन परिवर्तित करून घेतली तर पगार पूर्ण मिळतो, पण खात्यातून दुप्पट दिवस जातात. म्हणजे दहा दिवस कंबर दुखली की वीस दिवस वजा. त्यामुळे मुरलेला कर्मचारी दुखण्याचे दिवस आधी खात्याशी ताडून घेतो. "सर, दहाच लिहा, अकरा नको." मी दहा लिहितो. अकराव्या दिवशी कंबर बरी होते. इतका शिस्तीचा अवयव दुसरा नाही.

त्यात मी त्यांना विश्रांती लिहून देणं हेच शास्त्राला धरून नाही. १९९५ साली फिनलंडमध्ये हेलसिंकी महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग झाला. कंबर दुखते म्हणून आलेल्यांपैकी काहींना दोन दिवस अंथरुणात झोपवलं, काहींना व्यायाम दिला, आणि काहींना सांगितलं, जमेल तसं नेहमीचं काम करत राहा. काम करत राहिलेले सगळ्यांत लवकर बरे झाले. हे मी एका तलाठ्यांना सांगितलं. ते विचारात पडले आणि म्हणाले, "महापालिकेत नेहमीचं काम काय असतं, ते बघावं लागेल."

मला काही या प्रयोगाची गरज नव्हती. आमच्याकडे शतकानुशतकं उसण भरली की लोक पायाळू माणूस शोधतात. जन्मताना पाय आधी बाहेर आलेला, त्याने कमरेला पाय लावायचा की उसण उतरते. गावात एखादी पायाळू म्हातारी असते, तिच्या ओसरीवर सकाळी चार-दोन वाकलेली माणसं असतात. लाथ खाऊन ती उठून शेतात जातात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत बरी होतात. साधी उसण बहुधा आपोआपच बरी होते, पण श्रेय पायाला जातं. माझा तिच्यावर राग नाही. ती दुखऱ्या माणसाला झोपवून ठेवत नाही, हे तिचं माझ्यापेक्षा बरं आहे. फक्त एक बघितलंय, तिच्याकडे सरकारी नोकर जात नाहीत. ती दाखला देत नाही.

आता साहेबांची बाजू. साहेबांना माझ्याकडून एकच शब्द हवा असतो, फिट किंवा अनफिट. मधलं काही नको. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१० पासून डॉक्टरांच्या कागदावर तिसरा पर्याय आला आहे. माणूस आजारी आहे, पण कामात अमुक बदल केला तर येऊ शकेल. तो वाचून मला हुरूप आला. मीही एका शिपायाच्या दाखल्यावर लिहिलं, 'हलके काम करण्यास योग्य.' तो कागद नवापूरच्या रेल्वे स्टेशनसारखा झाला, अर्धा या राज्यात, अर्धा त्या. कार्यालयाने परत पाठवला, 'हलके काम म्हणजे कोणते, ते नमूद करावे.' मी लिहिलं, वीस किलोपेक्षा जास्त वजन उचलू नये. उलट टपाली उत्तर, 'या कार्यालयात फायलींचे वजन करण्याची तरतूद नाही.' शेवटी शिपाई स्वतःच आला. "साहेब, फिट लिहून टाका. माझं मी बघतो." आणि त्याने बघितलं. कपाटं तो एका दुसऱ्या शिपायाकडून हलवून घेतो, बदल्यात त्याला पाणी भरू देत नाही. ब्रिटनला हे जमायला २०१० साल उजाडलं.

हे सगळं सकाळच्या ओपीडीचं झालं. संध्याकाळी वेगळा दवाखाना असतो.

मिरचीच्या पथाऱ्यांवर बायका दिवसभर उकिडव्या बसून मिरची निवडतात, देठ खुडतात. तोंडाला पदर गुंडाळलेला, हात आग आग झालेले. बाजार उठला की त्यातल्या काही येतात. स्टुलावर बसायला सांगितलं तर बसत नाहीत, कारण बसलं की उठता येत नाही. कुठे दुखतं विचारलं तर हात कमरेवर न ठेवता हवेत फिरवतात, म्हणजे सगळीकडेच. पाय उचलून पाहिला तर कळ कुठे सुरू होते ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून शोधावं लागतं, तोंडातून शब्द नाही. एल-चार, एल-पाच त्यांना माहीत नाहीत. उद्या विश्रांती घ्या म्हटलं की पहिल्यांदाच हसतात.

दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जाणारे येतात. आमच्या डोंगरातली कितीतरी कुटुंबं कोयता घेऊन गुजरातकडे, कारखान्यांकडे उतरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता. एक जण वाकला नाही तर कोयता अर्धा होतो आणि उचल तेवढीच राहते. एक गडी आला होता. वाकणं जमत नव्हतं, म्हणून चपला दारातच झटकून आत आलेला. पाय उचलला तर तीस अंशांवर घाम. खरी नस. खरी गादी. सकाळी गुरुजींनी ज्याचा अभिनय केला, तो प्रकार हाच. मी म्हटलं, सहा आठवडे ऊस तोडायचा नाही, मी लिहून देतो.

"कोणले दाखाडू?" त्याने विचारलं. कोणाला दाखवू?

मला उत्तर सुचेना. मुकादमाच्या वहीत अर्धवेतनी रजेचं पान नसतं.

"सायेब, सुई मारी द्या. सकाय गाडी शे."

सकाळी सहीसाठी लोक माझ्या मागे लागतात आणि मी देत नाही. संध्याकाळी मी सही पुढे करतो आणि कोणी घेत नाही. दोन्ही वेळा पेन तेच.

एकदा चार जण बांबूला झोळी बांधून एका बाईला रस्त्यापर्यंत आणि तिथून जीपने आमच्याकडे घेऊन आले. तिला ताप होता, सलाईन लावलं, दोन दिवसांत ती चालत घरी गेली. जाताना चौघांपैकी एकाने हळूच मलम मागितलं. झोळी वाहताना उतारावर कमरेत चमक भरली होती. केसपेपर काढू का म्हटलं तर म्हणाला, नको, पेशंट ती होती.

आणि ज्यांना खरोखर घरी पाठवू नये, दाखल करून घ्यावं, तेही याच रांगेत असतात. विशी-बाविशीचा मुलगा, कंबर आणि हाडं असह्य दुखतायत, एक्स-रे स्वच्छ, गॅप कुठेच नाही. आमच्या भागात पहिला प्रश्न विचारायचा, घरात कोणाला सिकलसेल आहे का? रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि हाडं ओरडतात. त्याला पाणी, वेदनाशामक आणि दवाखान्यातली खाट लागते. कोणाला महिनोन्‌महिने पाठ दुखतेय, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरलेलं, तर मणक्याचा क्षय शोधायचा. पाय लुळा पडायला लागला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर उद्यावर टाकायचं नाही, त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात पाठवायचं. गंमत म्हणजे या लोकांपैकी कोणीही पाकिटात फिल्म घेऊन येत नाही. मोठं पाकीट आणणारा माणूस सहसा धोक्याबाहेर असतो.

कामाला योग्य की अयोग्य, या प्रश्नात मणका हा सगळ्यांत सोपा भाग आहे. तो मी पाच मिनिटांत तपासतो. काम कोणतं, साहेब कसा, रस्ता कुठवर आणि एक दिवस चुकला तर चूल पेटते की नाही, हे तपासायला माझ्याकडे हातोडी नाही. ज्यांना ही चारही उत्तरं बरी मिळाली आहेत ते अनफिट मागतात, ज्यांना चारही वाईट मिळाली आहेत ते फिट मागतात. मी इतकी वर्षं दोघांनाही मागतील त्याच्या उलट लिहून देत आलो आहे आणि दोघंही नाराज आहेत. त्यावरून निदान बरोबर असावं.

गुरुजींना मी फिट लिहिलं. ते बार्जने मणिबेलीला गेले, मतदान शांततेत पार पाडून आले आणि आल्यावर मुद्दाम भेटायला आले. कंबर कशी आहे विचारलं. म्हणाले, बार्जवर बाक होता, पाठीला टेकायला होतं, आमच्या शाळेतल्या खुर्चीपेक्षा बरा.

तर पुढच्या निवडणुकीचा कार्यक्रम कधी ना कधी लागेलच. दाखल्यासाठी येणार असाल तर जरूर या, मीही असेन, स्टूलही असेल. फक्त सकाळी या. संध्याकाळी पथारीवरून येणाऱ्या बायकांना रांगेत उभं राहावं लागतं, आणि त्यांना दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असतं.